गाईंसकट ट्रक

थ्री पाइन, मोंटाना
सप्टेंबरचा पहिला रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय दाजी,

माझा नमस्कार बसल्या जागीच घ्या, उठू नका, गुडघ्याला उगीच ताण नको. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. टफीसुद्धा मजेत आहे (त्याचा एक दात पडला, पण कुत्र्याच्या मानाने त्याला दात जरा जास्तच होते). तुमच्या घरामागचं सफरचंदाचं झाड यंदा असं लगडलंय की अस्वल दोनदा येऊन पोटभर खाऊन गेलं, आणि तरीही ग्लेनिसने अकरा बरण्या मुरंबा घातला. तुमची तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं की तुम्ही "इथे ॲरिझोनात एकशे आठ डिग्री आहे" एवढं सांगता आणि फोन ठेवून देता. दाजी, एकशे आठ डिग्री हे हवेचं उत्तर झालं, तब्येतीचं नव्हे. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र लिहिणाऱ्याच्या तोंडावर कुणाला फोन आपटता येत नाही.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मे महिन्यात तुम्ही लिहिलंत की इर्मा गेली, मग गुडघा गेला, आता एल्क हरणांच्या शिकारीचा तळही गेला असंच समज. डोंगर चढवत नाही, ट्रकमध्येही चढवत नाही, आणि तळावर नुसतं बसून राहणारा माणूस म्हणजे चार जणांना ओझं; आजवर कुणाच्या डोक्यावर ओझं झालो नाही, आता होणार नाही. यावर मला काही म्हणायचं नाही. मी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि बायबलमध्ये ठेवून दिलं (सगळं गमावलेल्या ईयोबाच्या गोष्टीपाशी, पण तो निव्वळ योगायोग). इर्मा तुमची बायको होती तशी माझी थोरली बहीणही होती, त्यामुळे जे काही म्हणायचं ते मलाही म्हणता आलं असतं, पण मी म्हणणार नाही. हे पत्र फक्त ट्रकबद्दल आहे. एकतीस वर्षं शाळेची डिझेल बस हाकलेला माणूस ट्रकबद्दल लिहीत असेल तर त्यात कुणी दुसरं काही शोधू नये.

तर ट्रक का घ्यावा लागला ते ऐका. आपली म्हातारी गेली. अर्धी तुमची होती, म्हणून कळवणं माझं कर्तव्य आहे. इतके महिने कळवलं नाही, कारण कसं कळवावं ते सुचेना. गेल्या नोव्हेंबरात मी तळावर एकटा होतो. पाच दिवस डब्यातले राजमे खाल्ले. एकदा पॅनकेक करायला गेलो, तो तंबूच्या छताला चिकटला आणि अजून तिथेच आहे. चौथ्या दिवशी एक एल्कची मादी मिळाली, तिचे चार तुकडे करून, पाठीवरून वाहून (चार खेपा, दाजी, आणि प्रत्येक खेपेला मी तुमचं नाव घेतलं, कसं घेतलं ते विचारू नका) म्हातारीच्या हौद्यात ठेवले आणि निघालो. पहिला गिअर टाकला. नाही. दुसरा टाकला. नाही. म्हातारीने सव्वीस वर्षं दिलेले सगळे गिअर परत घेतले होते आणि माझ्याकडे फक्त रिव्हर्स ठेवला होता. चार माणसं असती तर काही युक्ती निघाली असती. मी एकटा होतो, म्हणून मी सात मैल डोंगर उलटा उतरलो.

एकतीस वर्षांत मी बस रिव्हर्समध्ये घातली नव्हती, ते सगळं त्या एका दुपारी वसूल झालं. वाटेत तीन गाड्या भेटल्या. आपल्याकडची पद्धत तुम्हांला ठाऊक आहेच, समोरून गाडी आली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. पण माणूस उलटा चालला असेल तर बोट केव्हा उचलायचं, ते भेटल्यावर की गेल्यावर, हे कुणालाच कळेना. तिघांपैकी एकानेही थांबून काय झालं ते विचारलं नाही. इतक्या ठाम चेहऱ्याने उलटा चाललेला माणूस म्हणजे त्याचं काहीतरी ठरलेलं असणार, असं त्यांना वाटलं. अंगणात पोचलो तेव्हा ग्लेनिस दारात उभी होती. म्हणाली, "अहो, गेलात तसेच परत आलात की!" माझी मान पुढे आठवडाभर उजवीकडेच वळलेली होती आणि चर्चमध्ये मी सगळं प्रवचन खिडकीकडे बघत ऐकलं. म्हातारी मात्र अंगणात थांबली ती थांबलीच. मी तिच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. गार पडेपर्यंत.

जूनमध्ये मी दुसरी गाडी शोधायला लागलो. तुम्ही शिकवलेला नियम मी विसरलेलो नाही: आधी बॉनेटशी हातमिळवणी, मग मालकाशी. डिझेल इंजिनाची खोड थंडीत कळते, म्हणून लबाड मालक गिऱ्हाईक येण्याआधीच ते तापवून ठेवतो. बॉनेट गरम लागलं की "येतो" म्हणायचं आणि निघायचं. या तुमच्या नियमाला मी माझी एक भर घातली: गाडी चालवून बघण्याआधी चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसायचं आणि उतरायचं, तीनदा. का, ते विचारू नका. माझी पद्धत आहे.

पहिली गाडी शहरातल्या मोठ्या दुकानातली, कोरी करकरीत. तिला टीव्ही होता. किल्ली फिरवली की (किल्लीही नाही, बटण) एक बाई बोलायला लागायची. तिथला विक्रेता फार गोड होता. तो म्हणाला, "काका, या गाडीला डिझेलशिवाय आणखी एक औषधाचं पाणी लागतं. ते संपलं की गाडी आधी सांगते, मग पुन्हा सांगते, आणि तरी ऐकलं नाही तर वेग कमी करते." मी म्हटलं, अशी एक घरी आहे. ग्लेनिस तेव्हा मागच्या सीटवर होती आणि तिने ते ऐकलं नाही, कारण त्या गाडीच्या सीटा खालून गरम होतात आणि तिचे डोळे मिटलेले होते. बाहेर ब्याऐंशी डिग्री असताना ती वीस मिनिटं तिथून हलली नाही. मी मात्र शेजारच्या सीटकडे वळलो आणि पाहतो तर सीट माझ्या छातीशी. विक्रेता म्हणाला, हँडल धरा आणि उडी घ्या. दाजी, ज्या गाडीत बसायला उडी घ्यावी लागते ती गाडी नव्हे, घोडा आहे, आणि घोडा निदान खाली वाकून बघतो तरी. ग्लेनिसला उठवून घरी आणलं.

दुसरी गाडी गावातल्या दाताच्या डॉक्टरची. त्याने ती शिकारीसाठी घेतली होती आणि शिकार सोडून सगळीकडे नेली होती. आत पांढरं चामडं. हौद्यात एक ओरखडा नाही. तिच्यात एल्क टाकायचा म्हणजे आधी एल्कला आंघोळ घालायला हवी. वर चाकं मोठी बसवून गाडी आणखी फूटभर उचललेली. मी चढायला लागलो आणि अर्ध्यावर अडकलो. एक पाय आत, दुसरा बाहेर, आणि तो वाकत नव्हता (त्या दिवशी). शेवटी डॉक्टरांनी मला मागून दोन्ही हातांनी ढकललं. ज्या माणसाने आजवर फक्त माझं तोंड पाहिलं होतं, त्याच्याशी एवढी जवळीक मला सोसली नाही. मार्चपासून एक दाढ दुखतेय, पण आता त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

तिसरी गाडी नदीपलीकडच्या एका गृहस्थांची. नाव लिहीत नाही, आपल्या पोस्टातल्या बाई हुशार आहेत. धान्याच्या कोठारात सावलीला उभी होती. पायरी बरी, सीट बरी, माझा चढ-उताराचा कार्यक्रम नीट पार पडला. मग बॉनेटवर हात ठेवला तर चांगला चहा ठेवण्याइतकं गरम. म्हणाले, "उन्हाने तापलंय." मी वर पाहिलं. छप्पर होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही छप्पर होतं का ते पाहिलं. मी म्हटलं, येतो.

आणि मग चौथी, वेंडेल प्रुइटची. आपल्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गुरांचं कुरण आहे, तोच प्रुइट, जो वर्षाला साधारण चाळीस शब्द बोलतो आणि त्यातले वीस गुरांशी. जुलैच्या सुरुवातीला गेलो. अंगणात ट्रक उभा. अठरा वर्षांचा, रंग कुठला होता ते त्यालाही आठवत नाही. बॉनेट दगडासारखं गार. त्याने अर्धीच किल्ली फिरवली आणि इंजिन असं लागलं, दाजी, की मला म्हातारीच्या तरुणपणाची आठवण झाली. खाली वाकून पाहिलं, तेलाचा थेंब नाही. लो गिअर असा की माणूस शेजारून चालत गप्पा मारू शकेल. आणि शेजारच्या सीटच्या दाराखाली एक जास्तीची पायरी होती. जाड पत्र्याची, रुंद, वर खरबरीत, घरी वेल्डिंग करून बसवलेली. दाराच्या चौकटीला गोठ्यातल्या नळीचं एक हँडल, हाताला येईल अशा उंचीवर, त्याला दोरी गुंडाळलेली, म्हणजे हिवाळ्यात गार लागू नये. मी तीनदा चढलो, तीनदा उतरलो. चौथ्यांदा नुसता हौसेने चढलो.

मी विचारलं, "ही पायरी कशासाठी?"

"बाबांसाठी."

त्याचे वडील अठ्ठ्याऐंशीचे होऊन या वसंतात गेले, ते तुम्हांला ग्लेनिसने कळवलंच असेल. अकरा हिवाळे रोज सकाळी प्रुइट या ट्रकमधून गुरांना गवत टाकायला जायचा आणि म्हातारबाबा शेजारी बसायचे.

"ते काय करायचे?" मी विचारलं.

"बसायचे."

"बसून काय करायचे?"

"गाई मोजायचे. चुकीच्या."

"मग त्याचा उपयोग काय?"

दाजी, प्रुइटने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गवताचा उपयोग काय असंच विचारलं. मग म्हणाला, "एकटा नसायचो ना." आणि थोड्या वेळाने, "आता ती बाजू रिकामी दिसते. म्हणून विकतोय." हे त्याचे त्या वर्षाचे बरेचसे शब्द खर्च झाले. मी बॉनेटवरून हात काढून त्याच्या हातात दिला. निघताना मी रीतीप्रमाणे विचारलं, काही खोट असेल तर आत्ताच सांग. त्याने विचार केला आणि म्हणाला, "हॉर्न जपून वाजव." मला वाटलं, बॅटरी जरा मंद असेल.

इथवर सगळं मी शहाण्यासारखं केलं होतं. आता पुढचं.

ऑगस्टच्या मध्यावर एका शनिवारी मी ग्लेनिसला म्हटलं, चल, नव्या ट्रकमधून आपली तळाची जागा बघून येऊ, एल्कच्या वाटा बघू, जेवण तिथेच करू. तिने कोंबडी तळली, बटाट्याचं सॅलड केलं, लग्नातली गवती हॅट घातली. ट्रक डोंगर चढला तो एका दमात, खोकला नाही, कण्हणं नाही. खालच्या कुरणात, त्या दोन वाकड्या पाइनपाशी, आपण नेहमी तंबू ठोकतो तिथे गाडी उभी केली. सगळीकडे शांत. ग्लेनिसने हौद्याची मागची फळी पाडून टेबल मांडलं. एवढ्यात टफीला खार दिसली आणि तो रानात पळाला. मी हाका मारल्या. टफीला आता ऐकू कमी येतं, म्हणून मी खिडकीतून हात घातला आणि हॉर्न वाजवला. एकदा लांब, दोनदा आखूड, नुसता सुचला तसा.

दाजी, तुम्ही मला ओळखता, मी वाढवून सांगत नाही. रान हललं. आधी एक हंबरणं, मग पाच, मग मोजता येईनात. वरच्या धारेवरून, ओढ्यातून, झाडांच्या मागून गाई धावत आल्या. गाय धावते हे आपण मानत नाही, पण अकरा हिवाळे ज्या आवाजाला गवत मिळालं तो आवाज ऐकला की गाय धावते, तिच्या मागे तिचं वासरू धावतं, आणि ज्या वासराने हिवाळा पाहिलेलाच नाही तेही धावतं, कारण सगळे धावताहेत. प्रुइटची गुरं उन्हाळ्यात वरच्या सरकारी रानात चरतात हे मला काय माहीत नव्हतं? चाळीस वर्षं माहीत होतं. पण ट्रक घेताना माणूस इंजिन बघतो, टायर बघतो. गुरं त्या गाडीला ओळखतात का, हे कोण विचारतं? प्रुइटने तेच सांगितलं होतं, फक्त त्याच्या भाषेत.

त्रेसष्ट होत्या, वासरं सोडून. मी मोजल्या, कारण बसमध्ये पोरं मोजायची सवय सुटत नाही. ग्लेनिस कोंबडीचा डबा घेऊन सीटवर चढली (त्या पायरीवरून, एका दमात, हे नोंदवून ठेवा) आणि दार लावून घेतलं. बटाट्याचं सॅलड पहिल्या मिनिटात गेलं. हॅट दुसऱ्या मिनिटात. एका लाल गाईने आरशात स्वतःला पाहिलं, तिला ती आवडली, आणि तिने तो आरसा वीस मिनिटं चाटला. मी टपावर होतो. कसा चढलो ते आठवत नाही. हौदा रिकामा आहे हे त्यांना पटेना. त्या एकेक करून आत बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. इतकी निराशा मी फक्त बस चुकलेल्या पोरांच्या तोंडावर पाहिली आहे. टफी या गर्दीतून शेपूट हलवत परत आला, म्हणजे हॉर्नचा उपयोग झाला नाही असं म्हणता येत नाही.

दीड तासाने मी खिडकीतून आत शिरलो आणि गाडी सुरू केली. तीच चूक. त्यांना वाटलं, आता गवत टाकायला निघाला. मी लो गिअरमध्ये पुढे, त्या मागे, एका ओळीत, चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांसारख्या. वेग वाढवावा तर वासरं पायाखाली. अशी आमची मिरवणूक सव्वा मैल चालली, थेट त्या लोखंडी जाळीपर्यंत, जी जनावरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात टाकलेली आहे. आणि जाळीच्या पलीकडे शिकार-खात्याची जीप उभी होती. टोपी मागे सारून, कमरेवर हात ठेवून रीटा मेडिसिन-क्रो उभी होती. तिला ओळखलंत ना? तीच, जिला चौथीत असताना संत्र्याची सालं फेकल्याबद्दल मी महिनाभर पुढच्या सीटवर बसवलं होतं. आता त्या खात्याची इन्स्पेक्टर आहे.

"काका," ती म्हणाली, "ही गुरं कुणाची?"

"प्रुइटची."

"आणि ती तुमच्या मागून कुठे चालली आहेत?"

"ते त्यांना विचार. मी घरी चाललोय."

तिने गाडीला एक फेरी मारली. ग्लेनिसकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या कोंबडीकडे पाहिलं. "काका, गुरं चोरण्याबद्दल आपल्याकडे अजून कडक कायदा आहे, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "रीटा, चोर मागून हाकतो. पुढून पळणारा चोर तू कधी पाहिलास?"

तिने विचार केला. त्यात तथ्य होतं. मग जीपचं दार उघडून म्हणाली, "या, काका. पुढच्या सीटवर बसा. खात्री होईपर्यंत उठायचं नाही." दाजी, बावीस वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. मी गुपचूप बसलो. तिने रेडिओवरून प्रुइटला बोलावलं आणि वाट बघताना स्वतः एक संत्रं सोललं. सालं मात्र पिशवीत टाकली, तेवढी शिस्त माझीच.

प्रुइट आला तो स्वतःच्या नव्या ट्रकमधून. गाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो धनी, पण ट्रक माझा. त्याने सगळा देखावा पाहिला आणि मग, दाजी, वेंडेल प्रुइट हसला. रीटाने घड्याळ पाहिलं, बहुधा नोंद करायची असावी. तो म्हणाला, "सांगितलं होतं. हॉर्न जपून."

"मला वाटलं बॅटरी मंद आहे!"

"बॅटरी चांगली आहे."

त्याने गवताचे चार गठ्ठे मागच्या बाजूला फेकल्यावर गाईंनी तोंडं फिरवली आणि आम्ही सुटलो. अंगणात उतरताना ग्लेनिस म्हणाली, "त्या डॉक्टरच्या गाडीला निदान गाई नव्हत्या." पण दुभत्या गाईच्या लाथाही गोड म्हणतात, तसं या ट्रकचं आहे. रोज सकाळी अर्ध्या किल्लीत लागतो. मी तो विकणार नाही.

आता अडचण अशी. या ट्रकने तळावर जायचं म्हणजे त्या दिवसानंतर आता नुसत्या इंजिनाच्या आवाजालाही अर्धी गुरं वरच्या धारेवर माझ्या मागे येणार, आणि जिथे गाई तिथे एल्क फिरकत नाही. मी बराच विचार केला आणि उपाय सापडला. पहाटे कुणीतरी ट्रकमध्येच बसून राहायचं, खालच्या कुरणात, त्या दोन पाइनपाशी. एकदा हॉर्न द्यायचा, एक लांब, दोन आखूड. सगळी गुरं तिथे गोळा होतील आणि त्या माणसाकडे आशेने बघत दिवसभर उभी राहतील. वरची धार मोकळी. एल्क येईल, मी असेनच. (गाईंना हॉर्न ऐकवायला कायद्याची बंदी नाही, रीटाला विचारलं. तिने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.)

म्हणजे या तळाला यंदा चढणारा माणूस नको, बसणारा हवा. आणि बसणं सोपं नाही, दाजी. त्याला कंटाळा न येणारा माणूस लागतो, थर्मासमधली कॉफी पुरवून पिणारा, गुरांच्या नजरेला नजर देऊ शकणारा, आणि संध्याकाळी कांद्यावर एल्कचं काळीज परतता येणारा असला तर सोन्याहून पिवळं. ग्लेनिसला विचारलं. ती म्हणाली, "मी एकदा बसले, जन्मभर पुरे." प्रुइट स्वतःच्याच गाईंकडे बघायला सुट्टी घेणार नाही. मी आणखी कुणाला विचारलेलं नाही. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो. हे नुसतं माहिती म्हणून.

असो. पत्र लांबलं, चूकभूल पोटात घाला. तिकडच्या पोहण्याच्या तलावात जपून उतरा, आणि त्या पत्ते खेळणाऱ्या मंडळींना सांगा की तुम्ही फसवता हे इकडे चाळीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे.

तुमचाच मेव्हणा,
डेलबर्ट ओस्टगार्ड

ता. क. तुमचा बिडाचा तवा म्हातारीच्या सीटखाली सापडला. घासला नाही, तुम्ही रागावता म्हणून. नव्या ट्रकच्या सीटखाली तसाच ठेवला आहे.

दुसरा ता. क. दाजी, हे अक्षर माझं, ग्लेनिसचं. पाकीट बंद करायला दिलं होतं, ते मी आधी वाचलं. यांनी दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत. एक, हे प्रत्येक गाडी बघायला गेले तेव्हा उजव्या गुडघ्याला माझी मोठी लाकडी पळी बांधून गेले, माझ्या दोन रुमालांनी, पाय वाकू नये म्हणून. दुकानातल्या त्या गोड पोराने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, काकांना काय झालंय? मी म्हटलं, काकांना काही नाही, ते दुसऱ्याचा गुडघा घेऊन फिरताहेत. पळी मोडली, ती डॉक्टरांनी ढकललं तेव्हा; पुढच्या दोन गाड्यांना माझं लाटणं बांधून गेले. दुसरी गोष्ट, प्रुइटची गुरं दर वर्षी दहा ऑक्टोबरलाच डोंगरावरून खाली उतरवतात. शिकारीचा हंगाम उघडतो तेव्हा वर एक शेपूटही नसतं. मी यांना म्हटलं, अहो, दाजींनी त्या डोंगरावर चाळीस हंगाम काढले, त्यांना हे कळणार नाही का? हे म्हणाले, "पाच पानं वाचेपर्यंत नाही कळणार." — ग्लेनिस

तिसरा ता. क. तिने लिहिलंय ते खरं आहे. गाई नसतील. तळावर तुमच्यासाठी काही म्हणजे काही काम नाही. तरी या. पायरी जमिनीपासून अकरा इंच आहे. मी तीनदा मोजली.